मुळशी १९२१: कौन्सिलचा दरवाजा आणि धरणाचा बांध

१.
पुण्यात सेनापती बापट रस्ता आहे आणि मुंबईत, जुन्या गिरण्यांच्या परिसरात, सेनापती बापट मार्ग आहे. दोन्हींवरून रोज लाखो माणसे जातात. ज्या लढ्याने पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव दिले, तो लढा मात्र हरलेला होता. आजचा थ्रेड त्या पराभवाविषयी आहे. सत्तेला आव्हान देणाऱ्यांनी निवडणुकीत उतरावे की लोकांत राहून संघटना बांधावी, हा डाव्या चळवळीतला जुना वाद मावळच्या मातीत कसा उगवला, तेही येथे पाहू.

२.
आरंभ लोणावळ्यापासून करू. पावसाळ्यात आपण ज्या तलावांच्या काठी भिजायला जातो, त्यांतले वळवण आणि शिरवता हे निसर्गनिर्मित नाहीत. टाटांची पहिली जलविद्युत कंपनी १९१० साली स्थापन झाली. तिने लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे पाणी अडवले, ते घाटाखाली खोपोलीला सोडले आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. वीज प्रामुख्याने मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी होती.

३.
या योजनेमागची कल्पना विलक्षण होती. सह्याद्रीच्या माथ्यावरचे पाणी स्वभावतः पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात वाहते. ते अडवून पश्चिमेकडे वळवले की कोकणात सुमारे पाचशे मीटर खोल उडी घेते, आणि त्या उडीत वीज असते. पुढे आंध्रा खोऱ्यात ठोकरवाडीचे धरण झाले. १९१९ मध्ये ‘टाटा पॉवर’ ही तिसरी कंपनी निघाली. तिची नजर लोणावळ्याच्या दक्षिणेला, निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमावर होती. तेथेच मुळशी आहे.

४.
मुळशीचे खोरे हे जुन्या बारा मावळांच्या मुलखातले. डोंगरउतारावर नाचणी-वरई आणि खाली भातखाचरे, त्यांत आंबेमोहोर. धरण झाल्यास सुमारे पन्नास गावे आणि दहा हजारांहून अधिक माणसे उठणार होती. कंपनीने शेतकऱ्यांची संमती न घेता शेतांत चाचणीचे खड्डे खणले. जमीन मिळवून देण्याचे काम सरकारचे होते, आणि त्याच्या हाती १८९४ चा भूसंपादन कायदा होता. ‘सार्वजनिक हित’ या शब्दांत खासगी कंपनीलाही बसवता येईल, अशी सोय त्या कायद्यात होती.

५.
आता एक गुंता लक्षात घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. खोऱ्यात जमीन कसणारे मावळे होते, पण बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या किंवा त्यांच्या नावावर गेलेल्या होत्या. धरण आले तर कसणाऱ्याचे घर, शेत, देव आणि गाव बुडणार होते. सावकाराला मात्र बुडणाऱ्या जमिनीचे रोख पैसे मिळणार होते. एकाच संकटाचे दोन अर्थ होते. आरंभीच्या उत्साहात हा भेद झाकला गेला.

६.
विनायक महादेव भुस्कुटे यांनी खोऱ्यात हिंडून शेतकऱ्यांना एकत्र केले. पुण्यातले काँग्रेसचे कार्यकर्ते मदतीला आले आणि त्यांच्याबरोबर बापटही आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, बाराशेच्या आसपास माणसे धरणाच्या कामावर जाऊन बसली. पुरुष होते, बायका होत्या, मुलेही होती. काम थांबले. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लढ्याची बाजू घेतली. कंपनीने सहा महिने काम स्थगित ठेवण्याचे मान्य केले.

७.
बापट कोण होते? १८८० साली पारनेरला जन्म, डेक्कन कॉलेजात शिक्षण, शिष्यवृत्तीवर विलायतेला प्रयाण. तेथे इंग्रजी राज्याविरुद्ध जाहीर बोलल्याने शिष्यवृत्ती गेली. पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून त्यांनी बाँब बनवण्याची विद्या मिळवली आणि त्या कृतीची पुस्तिका हिंदुस्थानात आणली. पुढे अज्ञातवास, अटक, सुटका. हा गृहस्थ आता भातखाचरांतल्या माणसांबरोबर बांधावर बसला होता.

८.
याच वर्षी मुंबईत श्रीपाद अमृत डांगे नावाच्या तरुणाने ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही पुस्तिका लिहिली. हिंदुस्थानातल्या साम्यवादी विचाराच्या आरंभीच्या खुणांपैकी ती एक आहे. एक वर्ष आधी, १९२० मध्ये, खुद्द लेनिनने युरोपातल्या अतिडाव्या सहकाऱ्यांशी वाद घातला होता. भांडवलदारांची संसद कुचकामी आहे असे तुम्हाला पटले असेल, पण जनतेला ते पटलेले नाही. म्हणून निवडणुकीवर बहिष्कार टाकून तुम्ही जनतेपासूनच दूर जाता, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता.

९.
आपल्याकडे तोच प्रश्न वेगळ्या वेषात आला. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी प्रांतांत निवडून आलेल्या सभासदांची बहुसंख्या असलेली कौन्सिले आणली. १९२० च्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार घातला. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौराच्या घटनेनंतर असहकार थांबला, मार्चमध्ये गांधीजी तुरुंगात गेले, आणि आता करायचे काय, हा प्रश्न उरला. काहींनी कौन्सिलात शिरून सरकारला आतून अडवावे असे म्हटले, ते फेरवादी. काहींनी खेड्यांत जाऊन विधायक काम करावे असे म्हटले, ते नाफेरवादी.

१०.
१ जानेवारी १९२३ रोजी चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांनी स्वराज्य पक्ष उभा केला. महाराष्ट्रात टिळकांचा वारसा सांगणाऱ्या मंडळींना हा मार्ग जवळचा वाटला. ‘केसरी’चे संपादक नरसिंह चिंतामण केळकर मुळशीच्या प्रश्नात लक्ष घालणाऱ्या पुण्याच्या पुढाऱ्यांपैकी एक होते. १९२३ च्या निवडणुकीत ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. पुढे सरकारला अडवण्याऐवजी जमेल तेथे सहकार्य करावे, असे म्हणणाऱ्या प्रतियोगी सहकार पक्षाचे ते एक नेते झाले.

११.
ब्राह्मणेतर चळवळीने तर बहिष्कार मानलाच नव्हता. मुंबई प्रांताच्या कौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखीव होत्या, आणि भास्करराव जाधव १९२३ नंतर मंत्री झाले. शिक्षण आणि नोकऱ्यांतली मक्तेदारी मोडण्यासाठी ही जागा कामाची होती, यात शंका नाही. पण मुळशीचा लढा पुण्याच्या ब्राह्मण पुढाऱ्यांच्या हाती आहे, या जाणिवेने दोन्ही बाजूंमध्ये अंतर राहिले. मावळे बहुजन होते. त्यांचे नेते आणि त्यांचे सावकार मात्र बहुतांशी एकाच पुण्याचे होते.

१२.
आता या थ्रेडचा कळीचा मुद्दा. कौन्सिलसाठी मत कोणाला होते? खेड्यात ठरावीक रकमेच्या साऱ्याची जमीन ज्याच्याकडे असेल, त्याला. देशभर विचार केला तर मतदार लोकसंख्येच्या जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास होते. डोंगरखोऱ्यातल्या लहान खाचरांवर एवढा सारा क्वचितच बसे. म्हणजे ज्याचे गाव बुडणार, त्याच्यापैकी बहुतेकांना मत नव्हते. ज्याला मोबदला मिळणार, त्याला बहुधा होते. ‘निवडणूक की लढा’ हा पर्याय पुण्याच्या वाड्यात उपलब्ध होता. मुळशीच्या खोपटात तो नव्हताच.

१३.
म्हणून फेरवादी चुकले आणि नाफेरवादी बरोबर होते, असा सोपा निकाल देता येत नाही. कौन्सिलात जाणाऱ्याचे उत्तरदायित्व मतदाराशी असते. मतदार जर बुडणाऱ्यांपैकी नसेल, तर प्रतिनिधी प्रामाणिक असूनही बुडणाऱ्याचे दुःख त्याच्या कामाच्या यादीत खाली सरकत जाते. त्याला कोणी विकत घेण्याची गरज पडत नाही. रचनाच ते काम करते.

१४.
इकडे खोऱ्यात स्थगिती संपली होती. डिसेंबर १९२१ मध्ये सत्याग्रह पुन्हा सुरू झाला तेव्हा सरकार सज्ज होते. धरपकड झाली, शिक्षा झाल्या. बापट, भुस्कुटे आणि अनेक स्वयंसेवक व शेतकरी तुरुंगात गेले. एकदा सुटायचे, पुन्हा बांधावर जायचे, पुन्हा पकडले जायचे, असे चक्र चालले. दरम्यान सावकारांनी मोबदल्याची बोलणी लावली. एकेका सातबाऱ्यामागे एकेक घर सुटत गेले. कसणाऱ्याला वाटले, मालकच गेला तर मी कोणाच्या जमिनीसाठी बसू?

१५.
सत्याग्रहाची मर्यादा कोठे संपते, यावरही गांधीमार्गी कार्यकर्ते आणि बापट यांच्यात मतभेद होते. अखेर डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी मोजक्या सशस्त्र साथीदारांसह, रुळांवर दगड रचून, कंपनीची रेल्वेगाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि १९३१ मध्ये ते सुटले. तोवर धरण पूर्ण झाले होते आणि भिरा येथील वीजगृह १९२७ पासून चालू होते. खोरे पाण्याखाली होते.

१६.
रेल्वे अडवण्याचा हा प्रसंग आपण सहसा लढ्याचा कळस म्हणून सांगतो. माझे मत वेगळे आहे. १९२१ मध्ये बांधावर बाराशे माणसे होती. १९२४ मध्ये रुळांवर मूठभर होती. त्या मूठभरांचे धैर्य वादातीत आहे, परंतु ते धैर्य गेलेल्या संघटनेची जागा भरून काढू शकत नव्हते. लोकांत राहणे आणि लोकांच्या वतीने जिवावर उदार होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. निवडणुकीला नाकारणारा प्रत्येक जण आपोआप संघटक ठरत नाही.

१७.
मग संघटना म्हणजे काय? तिचे उदाहरण मुळशीच्या विजेच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला मिळते. १९२४ मध्येच डांगे यांना कानपूर बोल्शेव्हिक कटाच्या खटल्यात चार वर्षांची शिक्षा झाली. १९२८ मध्ये मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. त्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. तिचा कणा पुढारी नव्हते. गिरणीगणिक कामगारांनी आपल्यातून निवडलेल्या समित्या होत्या. वर्गणी, सभा आणि निरोप त्या समित्यांतून चालत.

१८.
मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी तिचे प्रमुख नेते पकडले गेले. युनियन खिळखिळी झाली, त्याच वर्षीचा दुसरा संप फसला. तरीही गिरणगावातली मुळे राहिली, आणि १९३४ मध्ये पुन्हा मोठा संप होऊ शकला. १९४६ मध्ये डांगे मुंबई विधानसभेवर गेले, तेव्हा त्यांच्यामागे वीस वर्षांची चाळीचाळींतली बांधणी होती. मत मागण्याआधी घर ओळखीचे झालेले होते. मुळशीत नेते तुरुंगात गेले की बांध ओस पडे; गिरणगावात नेत्यांच्या पश्चात दिवा मिणमिणता का होईना, जळत राहिला.

१९.
तुलना करताना न्यायाने वागले पाहिजे. गिरणी कामगार एका छताखाली काम करत आणि एका चाळीत राहत. त्यांनी काम थांबवले की मालकाचे नुकसान सुरू होई. डोंगरात विखुरलेल्या शेतकऱ्याने नांगर थांबवला तर उपाशी तोच राहणार. कंपनीला त्याचे श्रम नको होते, त्याची जागा हवी होती. विस्थापिताचा लढा कामगाराच्या लढ्यापेक्षा मुळातच अवघड असतो, तो या कारणाने.

२०.
बापट पुन्हा दिसतात ते १९५५ मध्ये. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी १८ नोव्हेंबरला मुंबईत विधिमंडळावर मोर्चा निघाला. अग्रभागी पंचाहत्तरीचे बापट होते. पुढे गोळीबार झाले, शंभराहून अधिक माणसे गेली. १९५७ मध्ये डांगे, एस. एम. जोशी, आचार्य अत्रे यांच्या संयुक्त महाराष्ट्र समितीने हाच संताप मतपेटीत उतरवला. आता प्रत्येक प्रौढाला मत होते. पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत काँग्रेसला जबर फटका बसला आणि १ मे १९६० रोजी राज्य झाले.

२१.
रस्ता आणि मतपेटी एकत्र आली तर काय घडते, याचा हा धडा. पण त्याची दुसरी बाजूही आहे. राज्य मिळाले आणि समिती विरली. एका मागणीसाठी जमलेले पक्ष पांगले. काही कार्यकर्ते सत्ताधाऱ्यांकडे गेले. विजयानंतर गावात उरेल अशी समितीची स्वतःची संघटना नव्हतीच. आणि त्याच नव्या मराठी राज्यात, मावळ तालुक्यात, पवना नदीवर धरण झाले. पुन्हा गावे उठली. त्या धरणग्रस्तांपैकी अनेक खातेदार पर्यायी जमिनीसाठी पुढे कित्येक दशके खेटे घालत राहिले.

२२.
तरीही एक गोष्ट बदलली. सत्तरच्या दशकात बाबा आढाव, लाल निशाण पक्षाचे दत्ता देशमुख, वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी राज्यभरच्या धरणग्रस्तांच्या परिषदा बांधल्या. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही त्यांची घोषणा. देशमुख आणि नायकवडी यांनी विधानसभाही पाहिली होती, पण त्यांचे बळ परिषदांतल्या गावकऱ्यांत होते. १९७६ मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. लाभक्षेत्रातील मोठ्या जमीनधारकांकडून काही हिस्सा घेऊन तो विस्थापितांना द्यावा, हे तत्त्व त्यात आले.

२३.
या कायद्याचे महत्त्व मुळशीच्या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. १९२१ मध्ये शेतकऱ्यापुढे दोनच गोष्टी होत्या: पैसे घ्या किंवा तुरुंगात जा. १९७६ नंतर त्याच्या हाती निदान एक लेखी हक्क आला. तो हक्क केवळ आमदारांच्या सदिच्छेतून आला नाही आणि केवळ मोर्च्यातूनही नाही. गावागावांत यादी ठेवणारी, खातेदार मोजणारी, पिढी बदलली तरी बैठक चुकू न देणारी माणसे होती, म्हणून तो आला. आणि जेथे अशी माणसे कमी पडली, तेथे तो कागदावरच राहिला.

२४.
९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात मावळचे शेतकरी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तीन जण मरण पावले. पाणी कोणाचे, हा प्रश्न नव्वद वर्षांनीही त्याच खोऱ्यांत उभा होता. यावेळी आंदोलकांना मत होते, राजकीय पक्ष त्यांच्या बाजूने होते. तरीही त्यांना रस्त्यावर यावे लागले.

२५.
तेव्हा ‘निवडणूक की संघटना’ हा प्रश्न विचारताना मुळशीकडून एक सवय शिकण्यासारखी आहे. आधी विचारावे: जो बुडणार आहे, त्याच्या हाती यातले काय आहे? १९२३ मध्ये त्याच्या हाती मत नव्हते, म्हणून कौन्सिल त्याच्यासाठी पोकळ होते. १९२४ मध्ये त्याच्या हाती संघटनाही उरली नव्हती, म्हणून शौर्यही एकाकी पडले. मत आले ते १९५२ मध्ये. संघटना मात्र कोणत्याही राज्यघटनेने दिली नाही; ती प्रत्येक पिढीला नव्याने बांधावी लागली.

२६.
पुढच्या वेळी ताम्हिणीला जाताना मुळशीचा जलाशय दिसेल. गाडी थांबवून पाहा. पाणी शांत आहे, त्याखाली गावे आहेत. आणि मुंबईत सेनापती बापट मार्गावरून जाताना ध्यानात ठेवा, की त्या भागातल्या गिरण्या ज्या विजेवर चालल्या त्यात मुळशीचेही पाणी होते. ते पाणी थांबवू न शकलेल्या माणसाचे नाव त्याच रस्त्याला आहे. खोऱ्यातल्या बाराशे माणसांच्या नावाचा रस्ता मात्र कोठेच नाही. त्यांची आठवण ठेवणे एवढे आपल्या हाती आहे.

थ्रेड समाप्त.